डिबगरने दाखवलेला फ्लोटचा आकडा खरा कशावरून?

पुणे विद्यापीठाच्या सेकंड इयर कॉम्प्युटरला ज्यांनी मायक्रोप्रोसेसर लॅब केलीय त्यांना तो मीन, व्हेरियन्स आणि स्टँडर्ड डेव्हिएशनवाला असेंब्ली प्रोग्राम आठवत असेल, कोप्रोसेसरच्या (दशांश आकड्यांचं गणित करणारा जोडीचा प्रोसेसर) इन्स्ट्रक्शन वापरून लिहायचा तो. बऱ्याच जणांनी तो सिनियरच्या जर्नलमधून उतरवला आणि ओरलला एक्स्टर्नलने "एसटी झीरो कुठे असतो?" (ते कोप्रोसेसरचं एक रजिस्टर) विचारलं की पंख्याकडे बघत बसले. पुढे नोकरीत वेब किंवा जावा मिळालं तर विषय तिथेच संपतो. पण कंपायलर, डिबगर (चालू प्रोग्राम थांबवून त्याच्या आत काय आहे ते दाखवणारं टूल) असल्या टूल्सवर काम करायची वेळ आली, आणि पुण्यात अशी कामं करणारे लोक आहेत, तर तोच एसटी झीरो परत समोर येऊन बसतो आणि ह्या वेळी प्रश्न वेगळा असतो: डिबगरने त्याची जी व्हॅल्यू दाखवली ती बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं?

आमच्याकडे नवीन जॉइन झालेल्या एका मुलाने टपरीवर चहा घेताना सरळ विचारलं, "दादा, सीपीयूत जे आहे ते वाचायचं आणि छापायचं, ह्यात टेस्ट करण्यासारखं आहे काय?" प्रश्न चुकीचा नाहीये. इंटिजर रजिस्टरपुरतं (रजिस्टर म्हणजे सीपीयूतली आकडा ठेवायची जागा) बघितलं तर खरंच फार काही नाही. फ्लोटिंग पॉइंटला (म्हणजे दशांश आकड्यांना, थोडक्यात फ्लोट) मात्र भरपूर आहे आणि त्याला जे सांगितलं तेच इथे जरा निवांत लिहितोय. (हेक्स आकडे पण देवनागरीतच लिहिलेत, ए ते एफ म्हणजे दहा ते पंधरा, आणि चार-चारच्या गटात तोडलेत म्हणजे वाचताना डोळे फुटणार नाहीत.)

पहिली गोष्ट, डिबगर सीपीयूत डोकावून वगैरे बघत नाही. लिनक्सवर प्रोग्राम थांबला की त्याची सगळी रजिस्टर कर्नलकडे मेमरीत सेव्ह झालेली असतात, डिबगर पीट्रेस नावाच्या सिस्टिम कॉलने ती कॉपी मागतो, कर्नल बाइट्सचा एक गठ्ठा देतं, कुठल्या बाइटपासून कुठलं रजिस्टर सुरू होतं ते बघून डिबगर त्याचे तुकडे करतो, आपल्या कॅशमधे ठेवतो, मग त्या बाइट्सचा फ्लोट म्हणून अर्थ लावतो, त्याचा दशांश आकडा बनवतो आणि मग कुठे तुमच्या स्क्रीनवर ३.१४१५९ उमटतं. डिबगर जीडीबी असेल आणि मधे जीडीबीसर्व्हर (प्रोग्रामच्या बाजूला बसून जीडीबीला बाइट्स पाठवणारा छोटा प्रोग्राम) असेल तर तेच बाइट्स हेक्स अक्षरं बनून सॉकेटवरून येतात. ह्यातल्या कुठल्याही टप्प्यावर चूक होऊ शकते, आणि वाईट हे की चुकलं तरी क्रॅश वगैरे काही होत नाही, फक्त एक चुकीचा पण दिसायला एकदम व्यवस्थित आकडा येतो, आणि तो बघून कोणीतरी आपल्या चांगल्या-भल्या कोडमधे बग शोधत रात्र घालवतो.

त्यात रजिस्टरला स्वतःला माहीतच नसतं की आपल्या पोटात काय आहे. ३एफ८० ०००० हे ३२ बिट फ्लोट म्हणून वाचले तर १.० आणि इंटिजर म्हणून वाचले तर १०६५३५३२१६. एक्सएमएम रजिस्टर (इंटेलचं, एकदम अनेक आकडे ठेवणारं) १२८ बिटचं, त्यात प्रोग्रामने चार फ्लोट ठेवलेत का दोन डबल (६४ बिटचे फ्लोट) का सोळा बाइट्स हे डिबगरला बाहेरून कळायचा काही मार्ग नाही, म्हणून जीडीबी सरळ सगळेच अर्थ छापतो, एका युनियनमधे (त्याच बाइट्सची वेगवेगळी वाचनं). एक्सएमएम० प्रिंट केलं की जी लांबलचक ओळ येते आणि नवीन माणूस घाबरतो ती त्यामुळे. टेस्ट लिहिणाऱ्याला हे सोयीचंच आहे, पाहिजे तो अर्थ नाव घेऊन मागता येतो.

आता जुनं एक्स८७ (इंटेलच्या त्या कोप्रोसेसरचं घराणं) घेऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. इंटेलचा ८०८७ १९८० मधे आला, त्याच्या अंकगणितामागे विल्यम काहान होते आणि १९८५ मधे जे आयईईई ७५४ स्टँडर्ड ठरलं त्यातही त्यांचाच मोठा हात. ह्या कोप्रोसेसरमधे आठ रजिस्टर, प्रत्येक ८० बिटचं: एक साइन बिट, पंधरा एक्स्पोनंटचे, चौसष्ट मँटिसाचे (म्हणजे आकड्याचे अंक). आणि ही आठ रजिस्टर स्टॅकसारखी वापरायची. प्रत्यक्षातली रजिस्टर आर० ते आर७, पण प्रोग्रामला दिसतात एसटी० ते एसटी७, आणि एसटी० म्हणजे आत्ता स्टॅकच्या माथ्यावर जे असेल ते. माथा कुठे आहे ते स्टेटस वर्डच्या ११ ते १३ ह्या तीन बिटांत लिहिलेलं असतं, त्याला टॉप म्हणतात. शिवाय टॅग वर्ड म्हणून एक १६ बिटचं प्रकरण आहे, प्रत्येक रजिस्टरला दोन बिट: ०० म्हणजे नीट आकडा, ०१ म्हणजे शून्य, १० म्हणजे स्पेशल (नॅन म्हणजे "हा आकडाच नाही", इन्फिनिटी वगैरे), ११ म्हणजे रिकामं.

हातानेच करून बघू. एफइनिट मारलं की टॉप ०, टॅग वर्ड एफएफएफएफ, म्हणजे सगळं रिकामं. मग एफएलडीपीआय, म्हणजे पाय (३.१४ वाला) लोड करा. टॉप एकने कमी होऊन ७ वर जातो, पाय आर७ मधे बसतो, टॅग होतो ३एफएफएफ आणि स्टेटस वर्ड ३८००. त्यावर एफएलडीझेड, म्हणजे शून्य लोड करा. आता टॉप ६, आर६ मधे शून्य, टॅग १एफएफएफ, स्टेटस ३०००. एसटी० आता शून्य आहे आणि पाय एसटी१ झालाय. इथपर्यंत लॅबच्या मॅन्युअलमधे पण असतं.

पण कर्नल डिबगरला हा १६ बिटचा टॅग देतच नाही! एफएक्ससेव्ह नावाच्या इन्स्ट्रक्शनने जो गठ्ठा बनतो त्यात टॅगची आखूड आवृत्ती असते, एकच बाइट, प्रत्येक रजिस्टरला एक बिट, भरलेलं का रिकामं एवढंच. वरच्या उदाहरणात तो बाइट आधी ८० आणि मग सी०. म्हणजे पूर्ण टॅग डिबगरने स्वतः परत बनवायचा: जे रजिस्टर भरलेलं आहे त्याची व्हॅल्यू बघायची आणि ते शून्य आहे, स्पेशल आहे का साधं आहे ते ठरवायचं. आणि इथे एक फट आहे, टॅगचे बिट आर० ते आर७ ह्या क्रमाने असतात पण गठ्ठ्यात व्हॅल्यू ठेवलेल्या असतात एसटी० ते एसटी७ ह्या क्रमाने. मधे टॉपची वजाबाकी करायची असते. कोणी ती विसरला तर आर७ साठी तो एसटी७ चा कप्पा उघडतो, ताज्या प्रोसेसमधे तिथे शून्य पडलेलं असतं, मग पायला पण तो शून्यच समजतो आणि टॅग छापतो ५एफएफएफ.

आता अशा कोडची टेस्ट कोणीतरी लिहिली, आणि उत्साहात आठच्या आठ रजिस्टर भरली, म्हटलं सगळं कव्हर झालं पाहिजे. आठ वेळा पुश केलं की टॉप फिरून परत ० वर येतो. टॉप शून्य असला की आर आणि एसटी एकाच क्रमात येतात, वजाबाकी केली काय आणि नाही केली काय, उत्तर तेच. टेस्ट पास, बग जागच्या जागी. ह्यात दोनच रजिस्टर भरणारी टेस्ट आठ भरणारीपेक्षा भारी ठरते, त्यामुळे कव्हरेजचा टक्का बघून खूश होणाऱ्यांबद्दल मला नेहमी जरा शंका येते.

पायचं पण एक प्रकरण आहे. एफएलडीपीआयने एसटी० मधे जे ८० बिट येतात ते असे: ४००० सी९०एफ डीएए२ २१६८ सी२३५. जीडीबीला इन्फो रजिस्टर्स एसटी० म्हटलं की दशांश आकड्याच्या शेजारी "रॉ" म्हणून हे पण छापतो. समजा डिबगरच्या सोर्समधे कोणीतरी सोपं म्हणून ह्या ८० बिटांचा आधी डबल बनवला आणि मग पुढचं काम केलं. डबलला मँटिसा ५३ बिटचा, ११ बिट गेले. परत ८० बिटमधे लिहिलं तर होतं ४००० सी९०एफ डीएए२ २१६८ सी०००. शेवटचे सी२३५ चे सी००० झाले. स्क्रीनवर दोन्ही ३.१४१५९२६५३५८९७९३ असेच सुरू होणार, पंधरा अंकांपर्यंत काही फरक नाही. म्हणजे टेस्टमधे "३.१४ ने सुरू होतंय ना" एवढंच बघितलं असेल तर ती टेस्ट असून नसल्यासारखी.

"पण डिबगरला डबलमधून जायची गरजच काय?" असं वाटेल, तर त्याचं उत्तर म्हणजे लाँग डबल. डिबगर ज्या मशीनवर चालतोय आणि ज्या मशीनचा प्रोग्राम तपासतोय ती दोन वेगळी असू शकतात. इंटेलच्या लिनक्सवर लाँग डबल म्हणजे ८० बिट, विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला तो ६४ बिटच, ६४ बिट आर्म लिनक्सवर १२८ बिट. डिबगर आर्मवर चालवून इंटेलचा प्रोग्राम डिबग करत असाल तर होस्टच्या सी भाषेतल्या टाइपवर अवलंबून राहणं म्हणजे धोका. जीडीबीत ह्यासाठी आता टार्गेट-फ्लोट नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, आणि होस्टकडे तसा फॉरमॅट नसेल तर एमपीएफआर लायब्ररीने गणित केलं जातं.

आणि नुसतं इकडून तिकडे ठेवायचं असेल तर गणित करायचंच नाही, बाइट्स उचलायचे आणि ठेवायचे. कारण फ्लोट नुसता हलवताना पण बदलू शकतो! सिग्नलिंग नॅन (गणितात वापरला की प्रोसेसरने तक्रार करावी असा नॅन) घ्या, उदाहरणार्थ ७एफए० ००००. हा ३२ बिट फ्लोट म्हणून एक्स८७ मधे लोड केला की प्रोसेसर त्याला गुपचूप क्वाएट (तक्रार न करणारा) नॅन करतो आणि परत लिहिताना तो ७एफई० ०००० झालेला असतो. म्हणजे ३२ बिट इंटेलवर बिल्ड केलेल्या डिबगरने तो साध्या फ्लोट व्हेरिएबलमधून नेला तर नुसत्या बघण्याने वस्तू बदलली. म्हणून टेस्टच्या यादीत एक तरी सिग्नलिंग नॅन पाहिजेच, आणि उणे शून्य पण. आणि तुलना बिटांची करायची, व्हॅल्यूची नाही. नॅन स्वतःच्या बरोबरीचा नसतो त्यामुळे बरोबर उत्तराला पण टेस्ट फेल म्हणेल, आणि उणे शून्य आणि अधिक शून्य बरोबरीचे मानले जातात त्यामुळे साइन बिट हरवला तरी टेस्ट पास म्हणेल.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे नको. नवीन माणूस रजिस्टरची टेस्ट लिहितो ती साधारण अशी: डिबगरमधून एक्सएमएम० मधे २.५ लिहा, मग डिबगरमधूनच एक्सएमएम० वाचा, २.५ आलं, पास. ह्याला टेस्ट म्हणायला मी तयार नाही. आपणच पेपर लिहायचा, आपणच तपासायचा आणि आपणच पहिल्या नंबरचं पेढे वाटायचे, त्यातला प्रकार आहे हा. लिहिलेली व्हॅल्यू डिबगरच्या कॅशमधे बसते आणि वाचताना तिथूनच परत येऊ शकते. कर्नलपर्यंत पोचली का, पोचली तर बरोबर जागी पोचली का, ह्याचा पुरावा त्यात काहीच नाही. ऑफसेट दोन्हीकडे सारखाच चुकला असेल, म्हणजे लिहितानाही एक्सएमएम१ च्या जागी लिहिलं आणि वाचतानाही तिथूनच वाचलं, तर दोन चुका मिळून उत्तर बरोबर.

साक्षीदार बाहेरचा पाहिजे, आणि तो म्हणजे प्रोसेसरवर प्रत्यक्ष धावणारा प्रोग्राम. वाचण्याची टेस्ट करायची तर व्हॅल्यू प्रोग्रामने भरायची, डिबगरने फक्त वाचायची. लिहिण्याची टेस्ट करायची तर डिबगरने लिहायचं, मग कंटिन्यू म्हणायचं, प्रोग्रामने ती रजिस्टर मेमरीत उतरवायची आणि स्वतः मेमसीएमपीने (बाइट्स जुळतात का बघणारं सीचं फंक्शन) तपासून एक्झिट कोड द्यायचा. जीडीबीच्या टेस्टस्वीटमधल्या आय३८६-एसएसई टेस्टची बांधणी साधारण अशीच आहे, आधी प्रोग्रामने भरलेलं वाच, मग बदल, प्रोग्राम पुढे चालव आणि मेमरीत काय उतरलं ते बघ. एलएलडीबी ह्या दुसऱ्या डिबगरच्या टेस्टमधे पण छोटे असेंब्लीचे प्रोग्राम आहेत, रजिस्टर भरायची आणि इंट३ (प्रोग्राम तिथेच थांबवून डिबगरच्या हातात देणारी इन्स्ट्रक्शन) मारून थांबायचं.

ते इंट३ का, तर साधा ब्रेकपॉइंट सीच्या ओळीवर टाकला तर लोड आणि ब्रेकपॉइंट ह्यांच्या मधे कंपायलरने एक्सएमएम रजिस्टर स्वतःच्या कामाला वापरलं असेल, ते त्याचा हक्कच आहे. म्हणून लोड, इंट३ आणि स्टोअर तिन्ही एकाच असेंब्ली ब्लॉकमधे ठेवायचे आणि वापरलेल्या रजिस्टरांची नावं क्लॉबर लिस्टमधे (ही रजिस्टर आम्ही बदलणार असं कंपायलरला सांगणारी यादी) द्यायची. हे नाही केलं तर टेस्ट कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनच्या ओ२ पातळीवर एक बोलते आणि ओ० वर दुसरं, आणि मग "फ्लेकी आहे" म्हणून कोणीतरी ती बंद करून टाकतो.

बाहेरचा साक्षीदार किती कामाला येतो ते एव्हीएक्सवर (इंटेलची पुढची, रुंद रजिस्टरांची इन्स्ट्रक्शन) बघू. एफएक्ससेव्हचा गठ्ठा ५१२ बाइट्सचा, त्यात एसटी० ३२ व्या बाइटपासून, एक्सएमएम० १६० पासून. पुढे वायएमएम रजिस्टर आली, २५६ बिटची, आणि त्यांचा खालचा अर्धा भाग म्हणजे तेच जुनं एक्सएमएम. मग जुन्या सॉफ्टवेअरला धक्का नको म्हणून खालचा अर्धा जुन्याच जागी ठेवला आणि वरचा अर्धा लांब ५७६ व्या बाइटपासून. म्हणजे डिबगर जे एक वायएमएम० दाखवतो ते दोन ठिकाणांहून आणून जोडलेलं असतं. आणि मधे ५१२ पासून जो हेडर आहे त्यात कुठला भाग "वापरात" आहे ते सांगणारे बिट आहेत: बिट ० एक्स८७ चा, बिट १ एसएसईचा (म्हणजे एक्सएमएमचा), बिट २ एव्हीएक्सचा. बिट २ शून्य असेल तर ५७६ पासून काहीही बाइट्स पडलेले असोत, ते वाचायचेच नाहीत, वरचे अर्धे सगळे शून्य समजायचे. तसंच बिट ० शून्य असला तर एक्स८७ चा कंट्रोल वर्ड ०३७एफ धरायचा.

लिहिताना ह्याचं उलट. डिबगरने वायएमएम० चा वरचा अर्धा बदलला पण हेडरमधला बिट २ एक केला नाही, तर प्रोग्राम परत सुरू होताना प्रोसेसर म्हणणार हा भाग वापरात नाही, आणि सगळं शून्य करून टाकणार. तुमचं लिखाण गेलं, एरर नाही, वॉर्निंग नाही. डिबगरमधे मात्र कंटिन्यू करायच्या आधी विचारलं तर छान लिहिलेली व्हॅल्यू दिसते. हा बग पकडायची टेस्ट: प्रोग्रामने आधी व्हीझीरोअप्पर (वायएमएमचे वरचे अर्धे शून्य करणारी इन्स्ट्रक्शन) मारायचं म्हणजे बऱ्याचदा एव्हीएक्सचा भाग वापरात नाही ह्या अवस्थेत जातो, मग इंट३, मग डिबगरने वायएमएमचे आठही फ्लोट लिहायचे, कंटिन्यू, आणि प्रोग्रामने व्हीमूव्हयूपीएसने मेमरीत उतरवून तपासायचं. हीच टेस्ट व्हीझीरोअप्परशिवाय लिहिली आणि प्रोग्रामने आधी वायएमएम भरलेलं असेल तर बिट आधीच एक असतो आणि बग कधीच दिसत नाही.

व्हॅल्यू कुठल्या घ्यायच्या ह्यावर लोक फार विचार करत नाहीत, सगळीकडे १.० भरतात. मग रजिस्टर अदलाबदल झाली काय, आतले चार फ्लोट उलटे झाले काय, सगळं १.० च. मी एक साधा हिशोब वापरतो: रजिस्टर नंबरात एक मिळवायचा आणि आतल्या जागेचा पाव भाग त्यात टाकायचा. म्हणजे एक्सएमएम५ च्या दुसऱ्या जागी (शून्यापासून मोजून) ६ अधिक अर्धा, ६.५. आता एक्सएमएम० मधे ६.५ दिसला तर नुसतं फेल नाही कळत, तो कुठून आलाय ते पण कळतं, निम्मं डिबगिंग तिथेच झालं. पाव, अर्धा, पाऊण बायनरीत नेमके बसतात त्यामुळे राउंडिंगची कटकट नाही. ०.१ बसत नाही, जीडीबी डबलमधला ०.१ हा ०.१०००००००००००००००१ असा दाखवतो आणि फ्लोटमधला ०.१०००००००१, आणि ते बरोबरच आहे, सतरा आणि नऊ अंक छापले तरच तो आकडा परत वाचून तेच बिट मिळायची खात्री असते.

पण ह्या गोड आकड्यांचा तोटा पण आहे. ६.५ फ्लोटमधे ४०डी० ०००० असतो, खालचे दोन बाइट्स कोरे. कोडमधे कुठे खालचे बाइट्स गळत असतील, डबलचा चुकून फ्लोट होत असेल, तर ६.५ सुखरूप बाहेर येतो आणि चूक झाकली जाते. म्हणून जागा तपासायला पावपट्टीतले आकडे आणि बिट तपासायला गच्च भरलेले, जसा फ्लोटमधला पाय, ४०४९ ०एफडीबी, किंवा सरळ बाइट्समधे १, २, ३ असं सोळापर्यंत. एकच सेट घेऊन दोन्ही कामं होत नाहीत.

एमएमएक्सचं (एक्सएमएमच्या आधीची इंटेलची इंटिजर रजिस्टर) पण एक तिरपागडं आहे, थोडक्यात सांगतो. एमएम० ते एमएम७ ही रजिस्टर म्हणजे एक्स८७ च्या आर० ते आर७ चे खालचे ६४ बिट, वेगळी जागाच नाही. टॉप ७ असताना आर० म्हणजे एसटी१, त्यामुळे डिबगरने एमएम० म्हणून एसटी० उचललं की चुकलंच. आणि प्रोग्रामने एमएम० मधे ५ लिहिला की वरचे १६ बिट सगळे एक होतात, ८० बिट फ्लोट म्हणून तो आकडा वैधच राहत नाही, आणि जीडीबीने तिथे "इनव्हॅलिड फ्लोट व्हॅल्यू" म्हणावं अशी अपेक्षा असते. कुठलातरी आकडा दिसला तर बग समजायचा.

टेस्ट मजकूर कसा जुळवते तिथे पण घाण होते. जीडीबीची टेस्टस्वीट डेजाग्नू नावाच्या टेस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते, टीसीएल भाषेत लिहिलेली, म्हणजे डिबगरला माणसासारखी कमांड टाइप करायची आणि आलेलं उत्तर रेगेक्सशी (मजकूर जुळवायचा साचा) ताडायचं. नेहमीच्या टेस्ट फंक्शनमधे पॅटर्न शेवटाला बांधलेला असतो, प्रॉम्प्टच्या आधीपर्यंत, पण सुरुवातीला बांधलेला नसतो. म्हणजे अपेक्षा नुसती "५" लिहिली तर २.५ पण चालतो आणि उणे ५ पण चालतो! बरोबरच्या (=) चिन्हासकट लिहायचं. शिवाय रेगेक्समधे टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, त्यामुळे २.५ असं तसंच लिहिलं तर २०५ पण त्यात बसतो, टिंबाच्या आधी बॅकस्लॅश पाहिजे. एलएलडीबीकडे फाइलचेक नावाचं मजकूर जुळवणारं टूल वापरतात, तिथे टिंबाची भानगड नाही पण ओळीत कुठेही सापडलं तरी जुळतं, तेव्हा तीच काळजी.

इंटेल सोडून बाहेर गेलं की नियम बदलतात पण साक्षीदाराचा मुद्दा तोच राहतो. रिस्क-फाइव्ह ह्या वेगळ्या प्रोसेसर घराण्यात ६४ बिट रजिस्टरमधे ३२ बिट फ्लोट ठेवायचा असेल तर वरचे ३२ बिट सगळे एक करायचे, १.० म्हणजे एफएफएफएफ एफएफएफएफ ३एफ८० ००००. ह्याला नॅन-बॉक्सिंग म्हणतात. डिबगरने एफए० ह्या तिथल्या फ्लोट रजिस्टरमधे १.० लिहिला आणि वरचे बिट शून्य ठेवले, तर डिबगरला परत विचारल्यावर तो खालचे ३२ बिट बघून आनंदाने १.० म्हणतो. प्रोसेसर मात्र ते फ्लोट मानायलाच तयार नसतो, सिंगल प्रिसिजनची बेरीज केली की नॅन हातात येतो. प्रोग्रामने बेरीज करून बघितल्याशिवाय हे कळणार नाही. ६४ बिट आर्मवर वेगळंच, तिथे व्ही० हे १२८ बिटचं आणि डी०, एस० हे त्याचेच खालचे भाग. हार्डवेअर एस० मधे लिहिलं की वरचं सगळं शून्य करतं आणि जीडीबी पण मुद्दाम तसंच वागतो, म्हणून टेस्टने वरचा भाग शून्य झालाय हे पण तपासायला पाहिजे, फक्त एस० बघून चालत नाही.

फंक्शन कॉलचं मी जास्त लांबवत नाही. डिबगरमधून प्रिंट करताना प्रोग्रामचं फंक्शन बोलावलं, समजा २.५ देऊन, तर लिनक्सवर ६४ बिट इंटेलच्या नियमाने तो एक्सएमएम० मधून जातो आणि उत्तर पण एक्सएमएम० मधूनच येतं, लाँग डबल असेल तर एसटी० मधून. नंतर डिबगरने सगळी रजिस्टर होती तशी परत ठेवायची. आधी सगळ्या रजिस्टरांचा डंप घ्या, कॉल करा, परत डंप घ्या, दोन्ही जुळले पाहिजेत. ह्यात एक्स८७ चा स्टॅक अर्धवट भरलेला असतानाचा कॉल जरूर ठेवा.

चालवायला अवघड काही नाही. जीडीबीचा सोर्स घ्या, बिल्ड करा, मेक चेकला हव्या त्या टेस्ट फाइलचं नाव द्या, निकाल जीडीबी.सम फाइलमधे येतो. पूर्ण टेस्टस्वीट चालवली तर तुम्ही काहीही न बदलता पण काही फेल दिसतील, मशीन-मशीनवर वेगवेगळे, त्याने घाबरायचं नाही, बदल करायच्या आधीचा आणि नंतरचा निकाल डिफ करून बघायचा. अनसपोर्टेडची यादी मात्र नक्की वाचा, लॅपटॉपला एव्हीएक्स-५१२ नसेल तर ती टेस्ट चाललेलीच नसते आणि फेल शून्य बघून माणूस गैरसमजात राहतो. आणि तीच टेस्ट एकदा जीडीबीसर्व्हरच्या बोर्डने (डेजाग्नूची तशी सेटिंग) पण चालवा, बाइट्सचा रस्ता वेगळा असतो.

त्या मुलाने पुढे स्वतःची टेस्ट लिहून आणली, सगळं हिरवं. म्हटलं, आता डिबगरच्या सोर्समधे जा आणि एक्सएमएम० चा १६० चा ऑफसेट १४४ कर. १४४ म्हणजे एसटी७ चा कप्पा, आणि पुढचं प्रत्येक एक्सएमएम रजिस्टर एकाने सरकणार. लाल झालं, एक्सएमएम६ मधे ६.५ दिसला, म्हणजे पाचाचा माल सहात. मग ऑफसेट परत नीट करून हेडरचा बिट २ सेट करणारी ओळ कॉमेंट करायला सांगितली. टेस्ट परत पूर्ण हिरवी. तो गेला परत जागेवर, टेस्ट प्रोग्राममधे व्हीझीरोअप्पर टाकायला.